आजी पाच वेळा जोतिबाला का जाते?

प्रिय ओवी,

जोतिबाचे खेटे सुरू झाले की आजी पाच रविवार अनवाणी डोंगरावर जाते, हे तुला पटलेलं नाही. देव तोच, वाट तीच, एकदा गाडीनं जाऊन आलं की तीर्थयात्रा झाली की, असं तू विचारलंस.

तीर्थयात्रा म्हणजे काशी-रामेश्वर, गं. लांबचा पल्ला, बहुतेकांना जन्मात एकदाच घडायचा. जुनी माणसं घरदार मार्गी लावून निघायची आणि सुखरूप परतली की मावंदं, म्हणजे यात्रा पार पडल्याचं जेवण, घालायची. वारीचं तसं नाही. पंढरीला एकदा गेला म्हणून कुणी वारकरी होत नाही, तिथं नेम चुकवायचा नसतो. खेटे हा मात्र आपल्या कोल्हापूरकरांचा घरचा मामला.

गोष्ट अशी सांगतात: रत्नासुराला मारून जोतिबाचं इथलं काम संपलं आणि तो परत हिमालयाकडे निघाला. अंबाबाईला कळलं, तशी ती कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगरावर गेली, जाऊ नकोस म्हणाली. देव राहिला. तिच्या मागून आपण अजून चालतोय. म्हणजे बघ, सगळीकडे माणसं देवाकडे मागायला जातात, इथं त्याला थांबवून घ्यायला जातात! निघालेल्या पाहुण्याला एकदाच 'राहा' म्हणून भागतं का?

(इथं परदेशात कागदपत्रांसाठी मी कचेरीत घालतो तेही खेटेच. तिथला देव अजून पावलेला नाही.)

पहाटे पंचगंगेत अंघोळ, मग शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुख. खरा चढ तिथून. दम लागला की कुणीतरी 'जोतिबाच्या नावानं' म्हणतं आणि बाकीचे 'चांगभलं' म्हणून पाय उचलतात. वरचं आत्ताचं मोठं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं, त्यांचं ते कुलदैवत.

चैत्र पौर्णिमेची यात्रा निराळी. सासनकाठ्या म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, सुगंधी दवणा, गुलालात न्हालेला डोंगर आणि लाखोंची गर्दी. त्या गर्दीत तुला एवढ्यात नको.

या रविवारी गायमुखापासून आजीबरोबर चाल. तू चप्पल घातलीस तरी चालेल, पाय सोलवटून भक्ती वाढते असं मला वाटत नाही. उन्हं तापायच्या आत वर पोचा. उतरताना आजीला गाडीत बसायला सांग. ऐकायची नाही ती, तरी सांग.

तुझा,
बाबा