फाइल तिथली, प्रत इथली

या महिन्यात एडिटरमधूनच सर्व्हरवरच्या फाइली उघडण्याबद्दल एकदम पाच पत्रं आली, म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलंय. आज्ञा नेहमीप्रमाणे फोनवर सांगते तशा उच्चारून लिहिल्यात. कोलन म्हटलं की कोलनचं चिन्ह टाइप करायचं, ‘कोलन’ हा शब्द नाही. (असं एकांनी खरंच केलं होतं. चूक माझी, मी आधी सांगितलं नव्हतं.)

प्रश्न : ताई, मी तीन-चार छोट्या संकेतस्थळांची देखभाल करतो. फाइलझिलानं फाइल डेस्कटॉपवर उतरवतो, नोटपॅड प्लस प्लसमध्ये बदल करतो आणि परत चढवतो. डेस्कटॉपवर इंडेक्स, इंडेक्स-नवीन, इंडेक्स-नवीन-2, इंडेक्स-फायनल अशी रांग लागलीय. गेल्या आठवड्यात त्यातली जुनीच चढवली. ही चढ-उतार एडिटरमधूनच करता येईल का? — एक वाचक, इचलकरंजी

येईल, आणि तुमच्याकडे आहे त्याच एडिटरमध्ये. नोटपॅड प्लस प्लसच्या ‘प्लगिन्स’ मेन्यूत ‘प्लगिन्स ॲडमिन’ आहे. तिथे एनपीपीएफटीपी शोधा, खूण करा आणि इन्स्टॉल करा. एडिटर बंद होऊन पुन्हा उघडेल. मग त्याची खिडकी उघडून दातेरी चाकाच्या चित्रावर टिचकी मारा आणि नवीन प्रोफाइल बनवा : सर्व्हरचं नाव, युजरनेम, प्रकार एसएफटीपी, पोर्ट 22. पासवर्ड तिथे लिहून ठेवू नका, ‘दर वेळी विचार’ अशी सोय आहे तिला खूण करा. जोडणी झाली की सर्व्हरवरचे फोल्डर झाडासारखे उलगडतात. फाइलवर डबल क्लिक केलं की ती टॅबमध्ये उघडते, सेव्ह मारलं की वर जाते. डेस्कटॉपची रांग संपली.

पण उघडलेली ती फाइल सर्व्हरवरची नाही, हे लक्षात ठेवा. प्लगिन तिची प्रत तुमच्या मशीनवरच्या एका कॅश फोल्डरमध्ये उतरवतं, एडिटर ती प्रत उघडतो, आणि सेव्ह केलं की प्रत परत चढते. म्हणजे तुम्ही हातानं करत होतात तेच, फक्त पडद्याआड. उतरवणं आणि चढवणं यांच्या मधल्या वेळात सर्व्हरवर काय झालं ते तुमच्या टॅबला माहीत नसतं.

हे मी कसं शिकले ते सांगते. एका बाजारसमितीच्या संकेतस्थळाचं काम आम्ही दोघं बघायचो. रोजचे भाव तेव्हा पानातच हातानं टाइप करायचो आणि वरची तारीख सर्व्हर आपोआप टाकायचा. एके दिवशी सकाळी 9 वाजता पानाच्या तळाशी असलेला कार्यालयाचा फोन नंबर बदलायला मी फाइल उघडली. तेवढ्यात दुसरं काम आलं, टॅब तसाच राहिला. साडेदहाला सहकाऱ्यानं त्याच्या मशीनवरून उन्हाळ कांद्याचे त्या दिवशीचे भाव टाकले. अकराला मी परत बसले, नंबर बदलला, सेव्ह मारलं. माझ्या प्रतीत भाव कालचे होते. त्यामुळे आजच्या तारखेखाली कालचा भाव झळकला, क्विंटलमागे साडेचारशे रुपयांनी जास्त. सव्वाअकराला पहिला फोन आला तो टेम्पोत बसलेल्या शेतकऱ्याचा. नंबर बरोबर लागला, कारण तो मी नुकताच दुरुस्त केला होता.

तेव्हापासूनची माझी सवय : फाइल उघडायची, बदलायची, सेव्ह करायची, टॅब बंद करायचा. टॅब उघडा ठेवून जेवायला उठायचं नाही. उठलातच, तर परत आल्यावर आधी टॅब बंद करा आणि खिडकीतून पुन्हा डबल क्लिक करून ताजी प्रत घ्या, मगच टाइप करा. आणि सेव्ह मारल्यावर खालच्या संदेशांच्या चौकटीकडे बघा. जोडणी तुटलेली असेल तर फाइल तुमच्या कॅशमध्ये सेव्ह होते, टॅबवरची लाल खूण जाते, जीव भांड्यात पडतो आणि सर्व्हरवर काहीच पोचलेलं नसतं. दोघांहून जास्त हात लागत असतील तर गिट, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारं साधन, वापरा. त्यावर एक अख्खं सदर पूर्वी झालंय, पुन्हा उगाळत नाही.

प्रकार एसएफटीपी निवडा असं म्हटलं, त्याचं कारणही सांगते. साधं एफटीपी, म्हणजे फाइली चढवा-उतरवायची जुनी पद्धत, पासवर्ड उघड्यावर पाठवतं, पोस्टकार्डासारखा. त्यात त्याचा दोष नाही, वयाचा आहे. एफटीपीचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी एप्रिल 1971 मध्ये लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनकेंद्रं होती, कोण कुणाचा पासवर्ड चोरणार? पुढे 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी जाळ्यावर कान लावून पासवर्ड गोळा केले आणि त्या प्रकारानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी सगळी ये-जा कुलपात ठेवणारी जोडणी, लिहिलं. एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23; यांनी मधला रिकामा 22 मागून घेतला. एसएफटीपी चालतं ते या एसएसएचवर. नाव एफटीपीच्या जवळचं असलं तरी घराणं वेगळं. तुमचा होस्टिंगवाला एसएफटीपी देत नसेल तर निदान टीएलएस लावलेलं एफटीपी मागा. तेही नसेल तर होस्टिंगवाला बदला.

प्रश्न : मॅडम, व्हिममधून सर्व्हरवरची फाइल थेट उघडता येते असं सरांनी सांगितलं. मी घरच्या लिनक्सवरून करून बघितलं तर रिकामी फाइल उघडते. सर्व्हरवर आत जाऊन बघितलं तर फाइल जागेवर आहे, भरलेली आहे. शिवाय दर वेळी पासवर्ड विचारतो, सेव्ह करतानाही. — एक विद्यार्थिनी, पुणे

तुझ्या पत्रातली आज्ञा मी तीनदा वाचली. एक स्लॅश कमी आहे.

आज्ञा अशी असते : व्हिम, जागा, एससीपी, कोलन, दोन स्लॅश, सर्व्हरचं नाव, आणि मग वाट, म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता. सर्व्हरच्या नावानंतर एकच स्लॅश दिलास तर व्हिम ती वाट सर्व्हरवरच्या तुझ्या होम फोल्डरपासून मोजतो. तू ‘व्हार, स्लॅश, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असं लिहिलंस, म्हणजे तो तुझ्या घरात व्हार नावाची खोली शोधत बसला. ती नाही, म्हणून कोरा कागद पुढे केला. मुळापासून मोजायचं असेल तर सर्व्हरच्या नावानंतर लागोपाठ दोन स्लॅश हवेत. फोनवर मी ‘स्लॅश, स्लॅश, परत सांगते, दोन’ असंच सांगते, आणि तरी निम्मे लोक एकच देतात. कोरा कागद दिसला की त्यात काही टाइप करू नकोस, सेव्ह तर मुळीच नको. बाहेर ये आणि स्लॅश मोज.

वाटेच्या शेवटी स्लॅश दिलास तर फाइलऐवजी फोल्डरची यादी उघडते. हे काम नेटआरडब्ल्यू नावाचं प्लगिन करतं. ते व्हिमबरोबरच येतं, वेगळं टाकावं लागत नाही. यादीत फाइलवर एंटर मारलं की ती उघडते, वजा चिन्ह दाबलं की एक पायरी वर जाता येतं, मोठ्या आरनं नाव बदलतं. मोठ्या डीनं फाइल उडते. विचारतो, पण घाईत आपण वाय दाबून मोकळे होतो. छोटा डी नवीन फोल्डर बनवतो. म्हणजे शिफ्ट दाबलं गेलं की नाही एवढाच फरक आहे, तेव्हा जपून.

पासवर्ड परत परत विचारतो कारण फाइल आणणं ही एक स्वतंत्र जोडणी आणि परत पाठवणं ही दुसरी. मधल्या काळात व्हिम तात्पुरत्या प्रतीवर काम करत असतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही कर. पहिला, किल्ली बनव : एसएसएच-कीजेन चालव, प्रकार ईडी25519 दे, मग एसएसएच-कॉपी-आयडीनं सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पाठव. दुसरा, होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच फोल्डरात कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये त्या सर्व्हरसाठी कंट्रोलमास्टर ऑटो, कंट्रोलपाथसाठी एक जागा आणि कंट्रोलपर्सिस्ट 10 मिनिटं असं लिही. मग पहिली जोडणी 10 मिनिटं उघडी राहते आणि पुढची ये-जा तिच्यातूनच होते. सेव्ह मारल्यावर जो दोन-तीन सेकंदांचा खोळंबा होतो तोही जातो. (विंडोजबरोबर येणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये हा दुसरा उपाय चालत नाही. तू लिनक्सवर आहेस, तुला अडचण नाही.)

एक फरक ध्यानात ठेव. सर्व्हरवर आत जाऊन तिथलाच व्हिम चालवलास आणि तीच फाइल आधीच कुणी उघडलेली असेल, तर तो स्वॅप फाइल (उघड्या फाइलीशेजारी व्हिम ठेवतो ती खुणेची फाइल) बघून तुला अडवतो. एससीपीनं घरून उघडलीस तर त्याला हे कळायला मार्गच नाही. वरच्या कांद्याची गोष्ट वाच.

प्रश्न : सर्व्हरवरच्या फाइलीतला मराठी मजकूर एडिटरमध्ये भलताच दिसतो. सेव्ह केल्यावर एका पानावर नुसती प्रश्नचिन्हं आली. एसएफटीपीमुळे मराठी बिघडतं का? — एक वाचक, नाशिक

एसएफटीपी बिचारं हमालासारखं आहे. पोत्यात काय आहे ते बघत नाही, जसंच्या तसं उतरवतं. बिघाड एडिटरमध्ये होतो.

यूटीएफ-8 या सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. एडिटरनं चुकून एकेक बाइट म्हणजे एकेक अक्षर असं धरलं, तर डोक्यावर तिरका फराटा असलेला इंग्रजी ए, शेजारी चार पाय फुटलेलं गोल किंवा येनची खूण, मग आणखी काहीतरी, अशी माळ दिसते. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या चित्रात तेच आहे. हे दिसलं तर घाबरू नका, बाइट शाबूत आहेत. नोटपॅड प्लस प्लसच्या ‘एन्कोडिंग’ मेन्यूत वरच्या भागातलं यूटीएफ-8 निवडा, मराठी परत येईल. त्याच मेन्यूत खाली ‘कन्व्हर्ट टू’ असं सुरू होणारे पर्याय आहेत, त्यांना आत्ता हात लावू नका. वरचे पर्याय फक्त वाचायची पद्धत बदलतात, खालचे बाइटच बदलतात. बिघडलेलं दिसत असताना कन्व्हर्ट केलंत तर बिघाडच पक्का होतो.

प्रश्नचिन्हांचं मात्र तसं नाही. फाइल एएनएसआय या जुन्या पद्धतीत सेव्ह झाली, त्यात देवनागरीला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसलं. ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत, त्यांच्यामागे काही लपलेलं नाही. ते पान बॅकअपमधूनच आणावं लागेल. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बॅकअप आहे का बघा, आणि नवीन प्रत त्याच्यावर चढायच्या आत बघा.

यूटीएफ-8 निवडताना बीओएम लिहिलेला प्रकार टाळा. तो फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट घालतो आणि पीएचपी मग ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ म्हणून रडतं. पहिल्या ओळीत काहीच चूक दिसत नाही आणि माणूस दोन तास घालवतो. मी चार घालवलेत.

प्रश्न : ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स कंट्रोल-एफ, मग स्लॅश-एसएसएच-कोलन असं देऊन सर्व्हर उघडायला जातो आणि सगळं गोठतं. टर्मिनलमधून तोच सर्व्हर एका सेकंदात उघडतो. — एक वाचक, बेंगळुरू

सर्व्हरवर झेडएसएचचा, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या शेलचा, प्रॉम्प्ट नटवलाय ना? रंग, बाण, गिटची शाखा? ईमॅक्सचं ट्रॅम्प, म्हणजे दूरच्या फाइली उघडणारा त्याचा भाग, सर्व्हरवर माणसासारखं लॉगिन करतं आणि ओळखीचा प्रॉम्प्ट येईपर्यंत वाट बघत बसतं. तुमचा नटवा प्रॉम्प्ट त्याला ओळखू येत नाही. ट्रॅम्प आत शिरताना टर्म या चलाची किंमत ‘डम्ब’ ठेवतं. त्याचाच उपयोग करा : सर्व्हरवरच्या झेडएसएचआरसी या झेडएसएचच्या सेटिंगच्या फाइलीत अगदी वरती अट घाला की टर्म डम्ब असेल तर झेडएलई (झेडएसएचची ओळ टाइप करायची सोय) बंद, प्रॉम्प्ट नुसता डॉलर आणि एक जागा, आणि तिथूनच परत फिर. आत्ताची अडकलेली जोडणी सोडवायला कंट्रोल-जी, मग ट्रॅम्प-क्लीनअप-ऑल-कनेक्शन्स.

तुम्हा ईमॅक्सवाल्यांचा एका बाबतीत हेवा वाटतो. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल दुसऱ्यानं बदलली असेल तर तो सेव्ह करण्याआधी विचारतो. त्या सकाळी मी ईमॅक्सवर असते तर तो फोन आला नसता. अर्थात ईमॅक्स शिकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कांद्याचे तीन हंगाम जातात.

प्रश्न : व्हीएस कोडच्या रिमोट-एसएसएचनं कॉलेजच्या जुन्या सर्व्हरवर काम करायचो. लॅपटॉपवर नवीन आवृत्ती घेतली आणि आता जोडायला नकार देतो. सर्व्हर उबंटू 18.04 आहे. — एक प्राध्यापक, कोल्हापूर

तुमचा सर्व्हर म्हातारा झालाय, सर. रिमोट-एसएसएच बाकीच्यांसारखी प्रत आणत नाही. स्वतःचा एक तुकडा सर्व्हरवर बसवतं आणि तिथेच काम करतं. म्हणून ते इतकं सुरळीत वाटतं, आणि म्हणूनच सर्व्हरच्या वयाशी त्याला मतलब असतो. मार्च 2025 च्या 1.99 आवृत्तीपासून त्या तुकड्याला जीलिबसी (लिनक्सवरचे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) 2.28 किंवा पुढची लागते. उबंटू 18.04 वर 2.27 आहे.

जीलिबसी हातानं बदलायला जाऊ नका. अख्खी यंत्रणा तिच्यावर उभी आहे, सर्व्हर परत उठणार नाही. तोवर लिनक्सवर असाल तर एसएसएचएफएसनं सर्व्हरचं फोल्डर लॅपटॉपवर जोडून घ्या आणि नेहमीसारखं उघडा. विंडोजवर असाल तर वरचं पहिलं उत्तर. आणि सर्व्हर नव्या उबंटूवर न्यायचा अर्ज आजच टाका, मंजूर व्हायला परीक्षा संपतील.