एक एकर, तीन लाख आणि फक्त शनिवार-रविवार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासवडजवळ वडिलांच्या वाटणीची एक एकर जमीन, हाताशी तीन लाख, नोकरी हडपसरला, म्हणजे शेतीला मिळणार फक्त शनिवार-रविवार. गावातलं कुणी म्हणतंय, शेडनेट टाका आणि ढोबळी मिरची करा. करावं का?

माझं मत, आत्ता अजिबात नको. अनुदान धरलं तरी सगळी पुंजी त्या एकाच सांगाड्यात अडकेल, आणि ढोबळीवरचे थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, तुमच्या शनिवारची वाट बघत बसत नाहीत.

आधी पाणी बघा. पुरंदर म्हणजे पर्जन्यछायेचा तालुका. श्रावणात विहीर काठोकाठ दिसते, त्यावर काही ठरवू नका. वैशाखात जाऊन दोर सोडून बघा, मोटर किती वेळ चालते आणि उपसलेलं पाणी परत यायला किती वेळ लागतो. विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' तुमचा हिस्सा लागलाय का ते तपासा आणि भावकीशी पाळ्या आत्ताच, गोडीत असताना, कागदावर ठरवून घ्या. बोअरची घाई नको. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी फक्त भेगांतून. एका बांधावर लागतं, शेजारच्या बांधावर धुरळा उडतो. पाणाड्या नारळ घेऊन येईलच, येऊ द्या बापडा. पण त्याच्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे अर्ज करून पाहणी करून घ्या.

मग माती. प्रयोगशाळेतला अहवाल हवाच, पण त्याआधी शेतात दोन-तीन ठिकाणी कमरेएवढा खड्डा खणा. किती इंचांवर मुरूम लागतो, पांढरे चुनखडीचे खडे दिसतात का, मुळ्या कुठवर गेल्यात, सगळं त्या कडेवर दिसतं. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरा. सकाळपर्यंत पाणी जिरलं तर फळझाडाला जमीन चालेल, तसंच तुंबून राहिलं तर तिथे फळझाड नको. एकाच एकरात वरच्या टोकाला मुरूम आणि ओढ्याकडे काळी माती असं आमच्या दिवे गावाच्या बाजूला सर्रास असतं, त्यामुळे एका खड्ड्यावर भागवू नका.

पहिल्या पावसावर सगळ्या रानात हिरवळीच्या खतासाठी ताग टाका, एकरी 20-25 किलो बी. फुलोऱ्याला आला की, म्हणजे साधारण दीड महिन्यात, गाडून टाका. खर्च बियाण्याचा आणि ट्रॅक्टरचा, बस्स. त्यावर रब्बीला मालदांडी ज्वारी. घरचं धान्य होईल आणि कडब्याला गावातच गिऱ्हाईक असतं.

दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या मुरमाड बाजूच्या 10 गुंठ्यांत सीताफळ. पाच बाय पाच मीटरवर साधारण 40 झाडं बसतात. सीताफळच का? पाणी कमी लागतं, बाजार सासवडलाच आहे आणि पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. जो मालक पाच दिवस पुण्यात असतो त्याच्यासाठी हा शेवटचा गुण सगळ्यात मोठा. रोपं कलमीच घ्या. जाधववाडीला अंजीर-सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, जातीबद्दल तिथे विचारा, रस्त्याकडेच्या नर्सरीवाल्याला नको. हाताला लागण्याइतकी फळं यायला तीन-चार वर्षं जातात, तेवढी कळ काढायची.

तोवर दोन गुंठ्यांत कोथिंबीर आणि मेथी, दहा-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी. धणे रगडून दोन फाकी करूनच पेरा. यातून नफा होईल असं समजू नका. हे करायचं ते विकणं शिकायला. जुड्या बांधून पहाटे मार्केट यार्डात पोचल्यावर, हमाली आणि गाडीभाडं वजा जाऊन जी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात येते ती वाचा. मग तोच माल हडपसरला तुमच्या सोसायटीत दिला तर काय सुटतं ते बघा. हा हिशेब आधी झाला की पुढे काय लावायचं याचे निम्मे वाद घरात होतच नाहीत.

पैशाचं म्हणाल तर पहिला मोठा खर्च ठिबकचा. अल्पभूधारकाला मंजूर खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं, पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा. आधी बिल फाडलंत तर अनुदान विसरा. रक्कम मागाहून खात्यात येते, म्हणजे सुरुवातीला खिशातूनच घालायची. तारेचं कुंपण महाग पडतं. बांधावर घायपात, सागरगोटा लावत चला. रानडुक्कर त्याने पूर्ण थांबत नाही, पण मोकाट जनावरांचा त्रास बराच कमी होतो. तीन लाखांतले निदान एक लाख बँकेतच राहू द्या. मोटर जळते ती नेमकी ऐन उन्हाळ्यात.

राहिला माणूस. सालगडी तुम्हाला परवडणार नाही. खालचं काळं रान शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याला निम्म्या वाट्याने द्या, बदल्यात सीताफळाच्या पाण्यावर त्याची नजर. बियाणं-खत कुणाचं, लाइट बिल कुणाचं, कडबा कुणाचा, हे चार माणसांत बोलून लिहून ठेवा. आणि हे पाडव्याच्या आत उरका, गावाकडचे करार तेव्हाच ठरतात, नंतर चांगला माणूस मोकळा सापडत नाही.

शेतापर्यंत गाडीवाट आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण आधी ज्याच्या बांधावरून जायचंय त्याच्या घरी चहाला जाऊन या.