'नीड्स असेसमेंट'ला पंचनामा म्हणावं का?

एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. आपत्तीच्या वेळी लोकांच्या गरजा टिपून घ्यायचा फॉर्म ती मराठीत आणते आहे. मथळ्यासाठी कुणी 'गरजांचे मूल्यांकन' सुचवलं, तर गावाकडचे कार्यकर्ते म्हणाले, सरळ 'पंचनामा' लिहा, सगळ्यांना कळतं.

कळतं हे खरं आहे. पंच आणि फारसी 'नामा', म्हणजे लेख. पंचांसमक्ष दिसलं ते लिहायचं आणि खाली सह्या घ्यायच्या. पाणी ओसरलं की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येतात. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर मदत बसते (२०१५पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती). पण पंचनाम्याचा प्रश्न एकच असतो: काय गेलं? म्हणजे जायला आधी काहीतरी असावं लागतं. ज्याच्या नावावर ना शेत ना घर, त्या मजुराच्या पंचनाम्यात लिहिणार काय? नुकसान आणि गरज एकाच शब्दात कोंबली, की हा माणूस कागदावरून गळतो. म्हणून इथे 'पंचनामा' मला अजिबात नको.

'मूल्यांकन' म्हटलं की डोळ्यांपुढे उत्तरपत्रिका येतात. 'मूल्यमापन'ही तसंच. नडलेल्या माणसाला गुण द्यायचे नाहीत.

मोजायचा शब्द चुकला की मोजणीच चुकते, याचं माझं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'कोयता'. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल कोयत्यावर, टोळीचा हिशेब कोयत्यावर. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले. गावी परतायची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. आता समजा, तळावर विचारलं "किती आहात?" आणि उत्तर आलं "शंभर कोयते". मोठी माणसं दोनशे धरता येतील. पण कोपीतली (मजुरांच्या झोपडीतली) मुलं, सोबत आलेली म्हातारी, तान्हं बाळ? ती कोयत्यात नसतात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हा स्फिअरचा (मदतकार्याचे किमान निकष सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेचा) दंडक, आणि तो डोक्यांवर चालतो. कोयत्यांवरून टँकर मागवला तर पाणी कमीच पडणार. आणि त्या बायकोचा वेगळा आकडाही नाही, मग तिला काय हवं हे विचारायचं सुचणार कुणाला?

मथळ्याला 'गरजांची पाहणी' पुरे. 'पाहणी' सरकारी कागदातही चालते, चावडीवरही. आत मात्र माझा आग्रह 'नड' या शब्दासाठी आहे. अडीनडीला धावून येणं आपण अजून म्हणतो, पैशाची नड अजून लागते. (शहरात 'नडणे' म्हणजे एखाद्याला भिडणे झालंय, पण त्याने नाम बिघडलेलं नाही.) गरज कायमचीही असते, नड म्हणजे आत्ता, या घडीला अडलेलं.

ऑगस्ट २०१९च्या पुरात शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत मी असाच फॉर्म घेऊन बसले होते. एका आजींना विचारलं, "तुमचं नुकसान काय काय झालं?" आजींनी हंड्यापासून सुरुवात केली आणि भिंतीपर्यंत पोचेतो डोळे भरून आले. शेजारच्या आशाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "आजी, आत्ता नड कशाची हाय?"

"चष्मा. आन् रातचं भाईर जायाला उजेड."

माझ्या फॉर्मात दोन्हींना रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

तेव्हा पहिला प्रश्न "आत्ता कशाची नड आहे?" असाच ठेव, आणि तो घरातल्या बाईला वेगळा विचार. माणसं मोजताना बाया, पुरुष, मुलं, म्हातारी असे चार रकाने कर. आणि समास रुंद ठेव.