वाचकांचे प्रश्न : कोकाच्या चहाला कुठे मुभा, कुठे बंदी?

प्रश्न : पेरू आणि बोलिव्हियातील हॉटेलांत पाहुण्यांना कोकाच्या पानांचा चहा सर्रास दिला जातो; मात्र त्याच पुड्या इतर बहुतेक देशांत नेणे हा गुन्हा ठरतो. असे का?

उत्तर : या विसंगतीचे मूळ अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. कोकाचे पान आणि त्यापासून काढलेले कोकेन या दोहोंना त्या कराराने नियंत्रित पदार्थांच्या एकाच अनुसूचीत बसवले आणि पान चघळण्याची अँडीज पर्वतराजीतील प्रथा २५ वर्षांत बंद करण्याचे बंधन घातले. ही प्रथा हजारो वर्षे जुनी आहे. स्पॅनिश राजवटीत धर्माधिकाऱ्यांनी तिला प्रथम विरोध केला. परंतु आजच्या बोलिव्हियातील पोटोसीच्या चांदीच्या खाणींतील मजूर पानांच्या आधारेच राबतात हे ध्यानात आल्यावर विरोधाची धार बोथट झाली आणि कोकाच्या पिकावर चर्च दशांशही घेऊ लागले. शुद्ध कोकेन वेगळे काढले गेले ते थेट १८६० मध्ये, जर्मनीत.

चहाच्या एका पुडीत साधारण १ ग्रॅम पाने, म्हणजे सुमारे ५ मिलिग्रॅम कोकेन असते. त्याने येणारी तरतरी सौम्य असते. पान आणि अर्क यांत फरक न करणे ही कराराची मोठी उणीव आहे, असे आम्हांस वाटते. विशेषतः त्याच कराराचे २७ वे कलम अल्कलॉइडरहित, म्हणजे कोकेनसारखी द्रव्ये नसलेला, स्वाद बनवण्यासाठी पाने वापरू देते, हे पाहता. शीतपेयाच्या धंद्यासाठी सापडलेली वाट डोंगरातल्या शेतकऱ्यासाठी सापडली नाही.

ती वाट बोलिव्हियाने स्वतः काढली. चघळण्यावरील बंदी वगळण्याची तिची दुरुस्ती अमेरिकेसह काही देशांच्या हरकतींमुळे अडल्यावर २०११ मध्ये तिने करारातून बाहेर पडण्याची सूचना दिली आणि २०१३ मध्ये, पान चघळणे व त्याचा काढा पिणे यांना मुभा राखून, ती पुन्हा करारात आली. पेरूत पानांचा कायदेशीर व्यापार ‘एनाको’ या सरकारी कंपनीमार्फत चालतो.

बोलिव्हियाने राखून घेतलेली मुभा तिच्या सीमेपुरतीच आहे. म्हणून पुड्या बरोबर आणू नयेत, आणि नोकरीसाठी वा क्रीडास्पर्धेसाठी लघवीची तपासणी व्हायची असेल, तर तेथेही हा चहा टाळावा. एका कपानंतर दुसऱ्या दिवशीसुद्धा कोकेनची चाचणी सकारात्मक येऊ शकते.