बायपासच्या ऑपरेशनमध्ये सलाईन दिल्याने रक्तदाब वाढेल की नाही, हे डॉक्टरांना आधी कळतं का?

काही प्रमाणात कळतं, पण छाती उघडी असताना ते फार अवघड होतं.

दाब उतरला म्हणजे शरीरात द्रव कमीच पडला, असं नसतं. सलाईनने हृदय जास्त भरतं, ताणलं जातं आणि जोराने रक्त ढकलतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढचा द्रव फुप्फुसांत साठू लागतो. एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त 10 ते 15 टक्क्यांनी वाढलं, तर प्रतिसाद मिळाला असं धरतात. मानेच्या शिरेतल्या नळीवर दिसणारा दाब, म्हणजे सीव्हीपी, पाहून वर्षानुवर्षं अंदाज बांधले गेले. यासाठी तो आकडा भरवशाचा नाही.

व्हेंटिलेटरच्या प्रत्येक श्वासाबरोबर नाडीचा दाब, म्हणजे रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं अंतर, कमीजास्त होतो. छाती बंद असताना हा फरक साधारण 13 टक्क्यांच्या वर गेला, तर सलाईन उपयोगी पडण्याची शक्यता चांगली. छातीचं हाड उघडलं की श्वासाचा दाब हृदयावर तसा पडत नाही आणि हाच आकडा फसवतो. ठोके अनियमित असले तरीही तेच. पाय उचलून त्यातलं रक्त हृदयाकडे वळवून बघण्याची चाचणी आयसीयूत उत्तम. इथे मात्र अनेकदा बायपाससाठी पायातलीच शीर काढणं चालू असतं!

म्हणून मला सर्वांत पटतं ते थोडं देऊन पाहणं: 100 मिली झटकन द्यायचे आणि अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, हृदय काय करतं ते बघायचं. फरक दिसला नाही, तर तिथेच थांबून हृदयाचं आकुंचन किंवा सैलावलेल्या रक्तवाहिन्या यांच्याकडे वळायचं.