डिजिटल रेडिओचे पुढे काय?

प्रश्न : डिजिटल रेडिओ आला की एफएम बंद होणार, असे कित्येक वर्षे ऐकतो. प्रत्यक्षात एफएम सुरूच आहे आणि मोबाइलवर इंटरनेटमुळे हवे ते केंद्र लागते. मग डिजिटल प्रसारण मध्येच रखडले आहे का? नवा संच घ्यावा की थांबावे?

उत्तर : रखडले आहे हे खरे, पण त्याचा दोष तंत्रज्ञानापेक्षा ते राबवण्याच्या पद्धतीकडे अधिक जातो. डॅब (डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग) या डिजिटल प्रसारणाच्या पद्धतीत एकाच प्रक्षेपकावरून दहा-बारा केंद्रे एकत्र पाठवता येतात, त्यामुळे प्रत्येक केंद्रामागचा विजेचा खर्च घटतो. श्रोत्याचा अनुभव मात्र वेगळा असतो. एफएमचे संकेत क्षीण झाले की खरखर वाढते, तरी बातमीतले शब्द कळत राहतात; डिजिटलमध्ये आवाज अखेरपर्यंत स्वच्छ येतो, मग क्षणभर पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा गुडगुडतो आणि एकदम बंद पडतो.

नॉर्वे आणि ब्रिटनमध्ये १९९५ साली नियमित डॅब सेवा सुरू झाली. २००७ मध्ये डॅब प्लस हे सुधारित मानक आले, ते सुरुवातीच्या बहुतेक संचांना पेलणारे नव्हते. जिथे प्रसारण नव्या मानकावर गेले, तिथे सर्वांत आधी पैसे मोजणाऱ्यांचेच संच निकामी ठरले, आणि हा मला खरोखर अन्याय वाटतो. फिनलंडने २००५ मध्ये, पोर्तुगालने २०११ मध्ये आणि हाँगकाँगने २०१७ मध्ये डॅब सेवा गुंडाळली. त्याच २०१७ मध्ये नॉर्वेने राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण थांबवले, तरी अनेक लहान स्थानिक केंद्रे एफएमवरच राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या अखेरीस एफएम सोडले आणि तिचे श्रोते घटले.

इंटरनेट हा मात्र प्रसारणाला पूर्ण पर्याय नव्हे. तिथे प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागतो, म्हणून वादळात किंवा पुरात सगळे एकाच वेळी ऐकू लागले की जाळ्यावर ताण येतो; प्रक्षेपकाला ऐकणारे शंभर असोत की दहा लाख, काही फरक पडत नाही. युरोपीय संघात डिसेंबर २०२०पासून नव्या मोटारींतील रेडिओला डिजिटल प्रसारण घेता येणे बंधनकारक आहे, परंतु जुन्या मोटारी अजून बरीच वर्षे धावतील. त्या रस्त्यावर असेपर्यंत एफएम बंद करण्याची घाई कोणत्याही सरकारने करू नये, असे माझे ठाम मत आहे.

संच घ्यायचाच असेल तर डॅब प्लस आणि एफएम दोन्ही असलेला घ्यावा, आणि त्याआधी आपली आवडती केंद्रे आपल्या भागात डिजिटलवर मिळतात का, याची खात्री करून घ्यावी.