फार्म.डी. शिकतानाच एम.बी.ए. करावे का?

"फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) चालू असतानाच एम.बी.ए. उरकून घेतले तर चालेल का, की दोन्हीकडे अर्धवट राहील?" ही शंका सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, वारंवार बोलून दाखवतात. एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून या शंकेचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ही मुलगी तासगाव तालुक्यातली. बारावीनंतरच्या सहा वर्षांच्या फार्म.डी.ला ती चौथ्या वर्षात होती आणि वडिलांचे गावात मेडिकलचे दुकान होते. एका एजंटाने "बारावीनंतर चार वर्षे झालीच आहेत, ऑनलाइन एम.बी.ए.ला प्रवेश करून देतो" असे सांगून पहिल्या हप्त्यासाठी तगादा लावला होता, म्हणून दोघे घाईने आले होते. "मॅडम, नुसत्या फार्म.डी.ला पुढं कोण विचारतंय? दोन डिग्र्या हातात असल्या की पोरीचं कुठं अडायचं नाही," असे वडिलांचे म्हणणे. मुलीने वहीतून स्वतः आखलेले वेळापत्रक काढून दाखवले. पहाटे साडेचारपासून रात्री साडेअकरापर्यंतचे रकाने हिरव्या आणि निळ्या शाईने भरलेले होते, हिरवे फार्म.डी.चे, निळे एम.बी.ए.चे. जेवणासाठी त्यात एकही रकाना नव्हता.

वेळ पुरेल का, या प्रश्नाच्या आधी नियमाचा प्रश्न येतो आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास मुभा दिली, हे खरे आहे. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातले असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन चालतो. ही मुभा पीएच.डी.ला लागू नाही, एवढे वडिलांनी कुठेतरी वाचले होते आणि फार्म.डी.लाही ती नसावी असा त्यांचा समज झाला होता. फार्म.डी. ही पीएच.डी. नव्हे; भारतीय औषधनिर्माण परिषदेने 2008 च्या नियमांनी आणलेला तो व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, त्यामुळे ती अडचण येत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. एम.बी.ए.च्या प्रवेशासाठी किमान तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पदवी हातात असावी लागते. सहा वर्षांच्या फार्म.डी.त तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी कोणतीही पदवी मिळत नाही. सहाव्या वर्षाची इंटर्नशिप संपेपर्यंत विद्यार्थी कागदोपत्री बारावी उत्तीर्णच असतो. तेव्हा "चार वर्षे झालीच आहेत" या एजंटाच्या बोलण्याला काही आधार नव्हता, आणि पैसे भरू नका, असे मी त्यांना तिथल्या तिथे स्पष्ट सांगितले.

"पण मॅडम, अमेरिकेत तर दोन्ही एकत्र करतात," मुलगी म्हणाली. तिचे खरेच होते. तिकडे किमान दोन वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणानंतर साधारण चार वर्षांचा फार्म.डी. असतो आणि अनेक विद्यापीठांत त्याला एम.बी.ए. जोडून सुमारे पाच वर्षांत दोन्ही पदव्या मिळतात. मात्र तिथे विद्यापीठच दोन्ही विभागांचे वेळापत्रक जुळवते, काही विषय दोन्हीकडे ग्राह्य धरते आणि प्रवेशाची अटही त्याच हिशेबाने ठरवते. आपल्याकडे ही जुळवाजुळव विद्यार्थ्याने एकट्याने, झोप मोडून करायची असते. परदेशातली वाट पाहून स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलांना हा फरक कुणीतरी नीट समजावून सांगायला हवा, असे मला मनापासून वाटते.

नियमाने प्रश्न निकालात निघाला असता, पण मुलीच्या चेहऱ्यावर सुटकेऐवजी निराशा दिसली, म्हणून मी पुढच्या भेटीला तिला एकटीला बोलावले. त्या वेळी मी एम.बी.ए.चा विषय काढला नाही. दवाखान्यातल्या पोस्टिंगबद्दल आणि सुट्टीत दुकानात काय करतेस याबद्दल विचारले. दवाखान्यातली एक गोष्ट तिने सांगितली. रक्तदाबाच्या एका आजोबांच्या पिशवीत दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या होत्या, एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेली आणि एक शहरातली, आणि दोन्हींमध्ये औषध एकच होते, मेटोप्रोलॉल. दुहेरी डोसामुळे आजोबांची नाडी मंदावली होती, हे तिने पट्ट्यांमागची बारीक अक्षरे वाचून सरांच्या लक्षात आणून दिले होते. दुकानाविषयी तर ती त्याहूनही भरभरून बोलली. स्टॉकिस्ट 'दहावर एक फुकट' अशी स्कीम देतो, पप्पा जास्तीचा माल उचलतात, आणि त्यातल्या काही पट्ट्या एक्सपायरीच्या खोक्यात जातात. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला 16 टक्के मार्जिन मिळत असताना अशा किती पट्ट्या वाया गेल्या की फुकटच्या मालाचा फायदा संपतो, याचा तक्ता तिने कंपनीवार मांडला होता.

हे ऐकल्यावर तिची व्यवसायाची ओढ खरी आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. वेळापत्रक मात्र भीतीने आखलेले होते. तिच्या पुढच्या तुकडीतल्या एकाला पुण्यात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याचे काम मिळाले होते, पगार अपेक्षेपेक्षा कमी होता. दुसरा घरच्या दुकानात परतला होता. यावरून तिने सगळ्या अभ्यासक्रमाचे भवितव्य ठरवून टाकले होते. नोकरीची भीती खोटी नाही. आपल्या भागात क्लिनिकल फार्मासिस्टच्या, म्हणजे रुग्णालयात रुग्णांच्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या, जागा अजून कमीच आहेत. पण दुसरी पदवी घेतल्याने पहिलीची उणीव भरून निघत नाही; पहिलीत काय कमावले यावर दुसरीची किंमत ठरते. रुग्णालयात कोणते औषध ठेवायचे, कोणते वगळायचे, किती घ्यायचे, हे ठरवणाऱ्या माणसाला वॉर्डही कळावा लागतो आणि हिशेबही. आजोबांच्या पट्ट्या आणि पप्पांचे खोके या दोन्हींत रमणाऱ्या मुलीसाठी हे काम मला अगदी जवळचे वाटले, आणि तसे मी तिला सांगितले.

मग आम्ही पुढची वर्षे समोर ठेवली. पाचव्या वर्षी रोज सकाळचा अर्धा दिवस वॉर्ड राउंडचा असतो, शिवाय प्रकल्प. सहाव्या वर्षी सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये आणि उरलेले सहा, दोन-दोन महिन्यांनी, इतर तीन विभागांत. हजेरीची अट 80 टक्के. या काळात ऑनलाइन बी.बी.ए. करणे नियमात बसवता आले असते. परंतु बारावीच्या पायरीवरची आणखी एक पदवी तिच्या काय कामाची, याचे समाधानकारक उत्तर तिच्याकडेही नव्हते आणि माझ्याकडेही. त्याऐवजी 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवरचा लेखाशास्त्राचा एक अभ्यासक्रम सुट्टीत करायचा आणि पाचव्या वर्षाचा प्रकल्प औषधांच्या खर्चाशी निगडित विषयावर घ्यायचा, असे ठरले. एम.बी.ए. इंटर्नशिपनंतर, आणि शक्यतो वर्ष-दोन वर्षे नोकरी करून, राज्याची सी.ई.टी. देऊन.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. "एवढी वर्षं थांबायचं म्हणजे लग्नाचं बघायचं कवा?" हा त्यांचा प्रश्न मी टाळला नाही, कारण आपल्याकडे शिक्षणाच्या घाईमागे तो असतोच. दोन्ही पदव्या एकदम उरकण्याचा आग्रह त्यातूनच आला होता, हे त्यांनी स्वतःच कबूल केले, आणि त्यानंतर बापलेकीत जे बोलणे झाले ते माझ्या समुपदेशनापेक्षा अधिक उपयोगी पडले.

बी.फार्म. करून मग तीन वर्षांच्या फार्म.डी.ला आलेल्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांच्याकडे पदवी असते, त्यामुळे इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून एम.बी.ए. करणे त्यांना नियमाने शक्य आहे. अशांना मी सरसकट नको म्हणत नाही. आधी महाविद्यालयाची लेखी संमती घ्यावी, संस्थेची मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डी.ई.बी.) संकेतस्थळावर स्वतः पाहावी, प्रवेशासाठी लागणारा त्या विभागाचा ओळख क्रमांक, म्हणजे डी.ई.बी. आयडी, स्वतःच काढावा, आणि इंटर्नशिपच्या वर्षात परीक्षेचे कमीत कमी पेपर ठेवावेत, एवढे सांगते. इग्नूत दोन वर्षांचे एम.बी.ए. चार वर्षांपर्यंत लांबवता येते, त्या सवलतीचा उपयोग करायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

तासगावची मुलगी सध्या इंटर्नशिपला आहे. स्कीमचा माल किती उचलायचा, हे आता तिच्या तक्त्यावरून ठरते, असे वडिलांनी परवा फोनवर सांगितले, सी.ई.टी.चा अर्ज या वर्षी भरायचा नाही, हे तिने त्यांना आधीच कळवले होते.